सिलोनची रंगीत तालीम

देवास म्हणजे एक संस्थान नव्हतं, दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, टेकडी एकच, टेकडीवरची देवीही एकच; पण राजे दोन, कचेऱ्या दोन, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या अल्याड एक राज्य नि पल्याड दुसरं. प्रमोदिनीचं माहेर धाकट्या पातीत, सासर थोरलीत. लग्नाची वरात निघाली आणि तोंडातला विडा संपायच्या आत दुसऱ्या राज्यात पोचली. तेव्हा तिची मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाली होती, "पोरगी परमुलखात गेली हो!" सगळं वऱ्हाड खो खो हसलं होतं.

तिचे यजमान उमाशंकरपंत थोरल्या पातीच्या हिशेब-कचेरीत होते. संस्थानचं अंदाजपत्रक दरसाल त्यांच्या हातून तयार व्हायचं. हत्तीच्या चाऱ्यापासून नवरात्रातल्या तेलापर्यंत कशाला किती लागेल, हे ते महिनाभर आधी बसून मांडत, आणि त्या महिन्यात घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. मग अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली. दोन्ही पात्या मध्यभारतात गेल्या, अंदाजपत्रक ग्वाल्हेरला तयार होऊ लागलं, आणि पंतांना खजिन्यात एक टेबल मिळालं. तिथे बसून दुसऱ्यांनी मांडलेले आकडे तपासायचे आणि सही करायची. पगार होता, मान होता. पण माणूस घरी आला की कोमेजल्यासारखा बसून राही.

प्रमोदिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. भरती-ओहोटी, खाड्या, सामुद्रधुनी असं सगळं ती वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आली होती, पण समुद्र तिने पाहिला नव्हता. मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, घर रिकामं झालं, आणि एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओवर सिलोन लागलेलं असताना ती सहज बोलून गेली, "आपण सुट्टीत सिलोनला जाऊ या का हो? एकदा बोटीतून समुद्र ओलांडायचा. चार दिवस राहायचं, परत यायचं."

"रावणाच्या गावाला हवा खायला कोण जातं?" पंत म्हणाले. पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जायला किती लागत असतील, काही कल्पना?"

झालं. दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागद आले. पंतांनी रेल्वेचं वेळापत्रक मागवलं, इंदूरला कुणाकुणाला भेटून आले, मद्रासच्या एका धर्मशाळेला पत्र घातलं. प्रवास, मुक्काम, भोजन, हमाली, अकस्मात खर्च अशी एकेक बाब मांडली गेली. प्रमोदिनी चहा घेऊन जायची तर पंत मान वर न करता सांगत, "धनुष्कोडीला आगगाडीतून उतरलं की समोर बोट. हमाल एकच करू." किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहून तिलाच सिलोनला पोचल्यासारखं वाटायचं.

पहिल्या वर्षी अंदाजपत्रक पुरं झालं, पण उन्हाळा निघून गेला. दुसऱ्या वर्षी गाडीभाडी बदलली म्हणून ते नव्याने करावं लागलं. तिसऱ्या वर्षी पंतांना वाटलं की भोजनाची बाब कमी धरली आहे. पैसे जमलेले होते. प्रमोदिनी आपल्या पगारातून दर महिन्याला त्यात भर घालत होती. मात्र आता ते कागद पुन्हा पसरले की ती चहा ठेवून तशीच मागे फिरायची.

पंचावन्नच्या दिवाळीत ती म्हणाली, "या मे महिन्यात जायचं. नाही तर ते कागद बंबात घालते."

पंतांनी फराळाची ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "जाऊ. पण आधी एक रंगीत तालीम करू."

"कसली?"

"याच अंदाजपत्रकाने चार दिवस परगावी राहून बघू. धारला. सिलोनच्या खर्चात भागतं की नाही, ते कळेल. अट एकच. सिलोनात आपलं कुणी नाही, तेव्हा धारलाही आपलं कुणी नाही असं धरायचं."

धारला प्रमोदिनीची सख्खी मोठी बहीण होती. विद्युल्लता तिचं नाव. यजमान वारलेले, मुलगा भोपाळला नोकरीला, आणि ही एकटी स्वतःच्या घरात राहून दोन खोल्यांच्या भाड्यावर ऐटीत जगणारी. अक्काच्या गावात जाऊन अक्काकडे उतरायचं नाही, हे प्रमोदिनीला विचित्र वाटलं. पण मे महिन्याचा शब्द मिळाला होता. ती हो म्हणाली.

भाऊबीज झाली आणि दोघं निघाली. इंदूरला मोटार बदलली, बेटमा मागे पडलं, आणि दुपारी धारच्या मोटार-अड्ड्यावर उतरली. तिथे पंतांनी आणखी एक अट काढली. सिलोनात इंग्रजीच चालवावं लागणार, तेव्हा इथेही इंग्रजीच. टांगेवाला जवळ आला, तसे ते ताठ उभे राहून म्हणाले, "टू धर्मशाळा. हाऊ मच?"

टांगेवाल्याने त्यांना नीट न्याहाळलं आणि प्रमोदिनीकडे वळून हळूच माळवीत विचारलं, "बई, साब के कंई हुई गयो?"

"कुछ नहीं भिया," प्रमोदिनी हसू दाबत म्हणाली, "धर्मशाला ले चलो." इंग्रजीची अट तिथेच संपली.

धर्मशाळेची खोली स्वच्छ होती. अंगणात विहीर, दारात कडुनिंब. प्रमोदिनीने स्टोव्ह पेटवून खिचडी टाकली आणि ऊन उतरल्यावर दोघं फिरायला बाहेर पडली. धारला ती पंचवीस वर्षं येत होती, पण तिचं धार म्हणजे मोटार-अड्डा ते अक्काचं स्वयंपाकघर आणि परत. या गावाला साडेबारा तलाव आहेत असं लोक म्हणतात, हे ती ऐकून होती. आज पहिल्यांदाच एकाच्या काठाने ती सावकाश चालली. पाण्यात किल्ल्याकडचा उजेड पडला होता. बगळे बसले होते. आपल्याला इथे कुणी ओळखत नाही, कुणासाठी पोळ्या लाटायच्या नाहीत, या विचाराने तिची चाल हलकी झाली. ती एका घाटावर बसली आणि पाय पाण्यात सोडून तिने लहान मुलीसारखे हलवले.

पंत बसले नाहीत. ते मागे वळून वळून पाहत होते.

"कुलूप ओढून बघितलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघितलंत. दोनदा."

"शेजारच्या खोलीतला माणूस बरा वाटत नाही."

तो बिचारा कुक्षीकडचा कापसाचा व्यापारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यांना आपल्याकडचं दूध देऊ केलं तर पंतांनी घेतलं नाही. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय प्यायले नाहीत, आणि उकळलेलं प्यायल्यावरही पोट बिघडलं. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. त्या दिवशी मांडवचा किल्ला बघायला जायचं ठरलं होतं. पंत ट्रंकेवर बसूनच म्हणाले, "आज राहू दे. तू बाजारात फिरून ये. मी सामानाजवळ थांबतो."

प्रमोदिनी एकटीच भाजीबाजारात गेली. कोवळी गिलकी पाहून वाकली, तोच मागून आवाज आला, "अगं भवाने, तू इथे?"

अक्का उभी होती. हातात पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर आधी आनंद.

"कधी आलीस? मोटारीतून आत्ता उतरतेयस? सामान कुठाय?"

प्रमोदिनीने हातातली गिलकी खाली ठेवली. "काल आलो," ती म्हणाली. "धर्मशाळेत उतरलोय."

अक्काच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळला. तिने पिशवी खाली ठेवली. "माझं घर पडलं का? की मी मेले? काल आलीस, आणि माझ्या गल्लीवरून धर्मशाळेत गेलीस?"

"तसं नाही अक्का. ते आम्ही... सिलोनला जायचंय ना, त्याची तालीम करतोय."

हे बोलताना ते किती वेडगळ वाटतं, हे प्रमोदिनीला स्वतःलाच ऐकू आलं. भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून दोघींकडे पाहत राहिली.

"काही लपवू नकोस," अक्काचा आवाज खाली आला. "पंतांची नोकरी गेली का? की भांडलात?"

मग तिथेच बाजूच्या ओट्यावर बसून प्रमोदिनीने सगळं सांगितलं. कागद, तीन वर्षं, टांगेवाला, कापसाचा व्यापारी. अक्का आधी रागाने ऐकत होती, मग ओठ दाबून, आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसू ओसरल्यावर उठून म्हणाली, "चल. तुझ्या त्या सिलोनमधून पंतांना उचलून आणू."

अक्काकडे पोचल्यावर पंतांनी अंघोळ केली, गरम मऊ भात, तूप, लिंबाचं लोणचं जेवले, आणि दुपारी गाढ झोपले. प्रमोदिनी दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. एका दिवसात हा माणूस केवढा उतरला होता!

संध्याकाळी अक्का दोन वेळा काही बोलायला आली आणि नुसतीच पदर सारखा करून गेली. मग एकदम म्हणाली, "पमे, मी पण कुठे गेले नाही गं. हे होते तेव्हा ओंकारेश्वर झालं, तेवढंच. तुमच्या त्या कागदात तिसऱ्या माणसाला जागा आहे का? माझे पैसे मी भरीन."

प्रमोदिनी उत्तर देणार तोच ओटीवरून पंतांचा आवाज आला. "जागा आहे. तिसऱ्या माणसाला नाही, दुसऱ्या माणसाला."

दोघी बाहेर गेल्या. पंत झोपाळ्यावर बसले होते, पाय जमिनीला टेकवून.

"मला यायचं नाही," ते म्हणाले. "बोटीचं नाव काढलं की माझ्या हातापायातलं बळ जातं. कागदावर मी कितीदा तरी जाऊन आलो, पण इंदूरच्या पुढे गाडी निघाली की..."

प्रमोदिनीला आधी राग आला. "मग तीन वर्षं मला कशाला झुलवलंत? पहिल्याच दिवशी सांगायचंत!"

"सांगणार होतो. तू रोज विचारायचीस, आज कुठवर पोचलो आपण? मी सांगायचो, मदुरै. तू हसायचीस." ते खाली पाहत होते. "आणि मलाही कितीतरी दिवसांनी हातात काम आलं होतं. ते संपू नये असं वाटायचं."

अक्का चहाचं निमित्त करून आत गेली. प्रमोदिनी खांबाला टेकून उभी राहिली. राग पूर्ण गेला नव्हता. पण ग्वाल्हेरहून आलेल्या आकड्यांवर सही करून घरी येणारा हा माणूस, आणि चहा घेऊन गेलं की मान वर न करता धनुष्कोडीचा हमाल ठरवणारा हा माणूस, दोघेही तिच्या डोळ्यांसमोर होते. ती झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसली.

"मी गेले तर चालेल तुम्हाला?" तिने विचारलं.

"चालेल. काळजी वाटेल. पण चालेल."

त्यानंतर पंतांनी जे काम केलं, ते संस्थानच्या काळातही केलं नसेल. परवान्यांचे अर्ज, देवी काढल्याचे दाखले, बायकांचा डबा, मद्रासला उतरवून घ्यायला ओळखीच्या ओळखीतला एक शास्त्री. इंदूरच्या खेपा त्यांनी मोजल्या नाहीत. दोन बायका एकट्या समुद्रापार निघाल्या म्हणून देवासात कुजबूज झाली, ती त्यांनी कचेरीत एका वाक्यात मिटवली. "आमच्या घरची माणसं सुट्टीला चालली आहेत," एवढंच ते म्हणाले.

मे महिन्यात दोघी गेल्या. बोटीत अक्काने जी मान खाली घातली, ती थेट सिलोनचा किनारा लागल्यावर वर काढली. प्रमोदिनी मात्र कठड्याला धरून उभी होती. पाणी फळ्यावरच्यासारखं निळं नव्हतं. हिरवं, करडं, मध्येच काळं, आणि सारखं हलणारं. ओठ खारट झाले. लुगड्याचा पदर वाऱ्याने तोंडावर येत होता. तो तिने कमरेला खोचला, आणि तिथेच उभी राहिली.

अंदाजपत्रक कँडीपर्यंत नीट चाललं. तिथे एका सकाळी अक्का म्हणाली, चहाचे डोंगर बघितल्याशिवाय मी हलत नाही. भाड्याची मोटार केली. ढगांत शिरणारे रस्ते, दोन्ही अंगांनी हिरवे उतार, पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका. एका वळणावर मोटार थांबवून दोघी नुसत्या उभ्या राहिल्या. त्या एका दिवसात पुढचे सगळे दिवस खर्ची पडले. अकस्मात खर्चाची बाबही गेली. मग पाव आणि केळी खाऊन त्या परतल्या, आणि मद्रासच्या शास्त्र्याकडे सांबार-भातावर अशा तुटून पडल्या की त्याची बायको घाबरली.

इंदूरच्या स्टेशनावर पंत उभे होते. धोतर परीटघडीचं, पण हजामत धड झालेली नव्हती. त्यांनी आधी सामान मोजलं, मग दोघींकडे पाहिलं.

"मोटार केली," प्रमोदिनीने उतरताच सांगून टाकलं. "सगळं अंदाजपत्रक कोसळलं."

"किती मैल गेलात?" त्यांनी विचारलं. "वर थंडी होती का? तिथे शाल घेतली होतीस ना?"

अक्काला धारच्या मोटारीत बसवून दोघं देवासच्या मोटारीत चढली. पंत एकेक विचारत गेले. धनुष्कोडीला हमाल कसा मिळाला, बोट सुटताना भोंगा वाजतो का, तिथले लोक भात कशाशी खातात. प्रमोदिनी सांगत गेली. मग तिच्या लक्षात आलं की त्यांनी अजून समुद्राचं विचारलं नाही.

"समुद्र कसा होता, ते नाही विचारलंत?"

"ते सावकाश सांग," पंत म्हणाले. "घरी गेल्यावर."

देवासची टेकडी दिसू लागली. घरी पंतांनी स्वतः पिठलं-भात करून झाकून ठेवला होता. भात खाली लागला होता, पिठल्यात गुठळ्या होत्या. प्रमोदिनीने दोनदा मागून घेतलं. हात धुऊन आली तोवर पंतांनी ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि स्वतः भिंतीला टेकून बसले होते.

ती समोर बसली, पदर खोचला, आणि सांगायला लागली.