जास्वंदीला काय झालं

दुकान बंद केल्यावरही म्हाताऱ्या घड्याळजीने डोळ्याला लावायचं भिंग सोडलं नव्हतं. बायको गेल्यापासून ते खिशात नुसतंच पडून होतं. पण गॅलरीतल्या कुंडीत तिची जास्वंद मान टाकायला लागली, तेव्हा त्याने ते पुन्हा डोळ्याला लावलं.

"सूनबाई, हे बघ."

पानांच्या बेचक्यांत कापसाचे कण चिकटल्यासारखं दिसत होतं. भिंगातून त्या कणांना पाय फुटले.

"शी! जिवंत आहेत हे?"

"नुसते जिवंत? घरजावई होऊन बसलेत. फुकटचा रस पितात."

तिने साबणाच्या पाण्यात कापूस बुडवला. त्याने एकेक फांदी धरली, तिने हलक्या हाताने पुसली. सासूबाई गेल्यानंतर दोघं एकमेकांना जपूनच वागत होती, जेवणाखाण्यापलीकडे फारसं बोलत नव्हती. त्या दिवशीही कामापुरतंच बोलणं झालं.

कीड गेली. पण फांद्या शेंड्याकडून वाळतच राहिल्या. त्याने नखाने साल खरवडली, आत तपकिरी. आणखी खाली खरवडली, तरी तपकिरीच. हिरवं लागलं ते पार बुंध्याजवळ.

"आता हिने कशाची हाय खाल्ली?" तो स्वतःशीच पुटपुटला.

सुनेने मातीत बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं. "बाबा, वास येतोय."

दोघांनी कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढलं. मुळं काळपट, लिबलिबीत झाली होती. चिमटीत धरली की साल सुटून हातात येत होती.

"पाणी जास्त झालं," सून म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "मी तर तांब्याभरच घालतो गं. सकाळी, तू उठायच्या आत."

तिचा हात थांबला. "तुम्ही घालता? मी संध्याकाळी घालते. तुम्ही फिरायला गेलात की."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, आईंच्या झाडाकडे तुम्हाला बघवत नसेल. उगाच विषय कशाला काढा."

"आणि मला वाटलं, नोकरी सांभाळून तुला कुठली सवड? आणखी एक काम नको तुझ्या गळ्यात."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याने मातीचा हात सदऱ्याला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

मग दोघं कामाला लागली. कुजलेली मुळं काढली, कुंडीचं बुजलेलं भोक मोकळं केलं, मातीत वाळू मिसळली. फांद्या कापायची वेळ आली, तेव्हा मात्र त्याचा हात चालेना.

"द्या इकडे," ती म्हणाली. "तुम्ही नुसती धरा."

हिरवं लागेपर्यंत तिने कापलं. मागे उरले नुसते खुंट.

संध्याकाळी मुलगा घरी आला. "झाड कुठे गेलं?"

"आजारी आहे," दोघं एकदमच म्हणाली.

तेव्हापासून पाणी घालायच्या आधी एकमेकांना विचारायचं ठरलं. बोलणं मातीवरून निघायचं आणि आईंच्या रागावर, त्यांच्या बेसूर गुणगुणण्यावर जायचं. चहा निवून जायचा. एक खुंट वाळून गेला तो गेलाच. उरलेल्यांवर मात्र बऱ्याच दिवसांनी बारीक लालसर कोंब दिसले.

त्या सकाळी तो गॅलरीत आला, तर सून आधीच कुंडीपाशी बसलेली.

"बघितलीस माती?"

"नाही," ती सरकून त्याला जागा करून देत म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते."