न हलणारी खुर्ची

“डावीकडं घे. अजून. थांब,” फोनमधून नागसेनचा आवाज आला.

गच्चीच्या कठड्याशी दीपमाला दोर धरून थांबली. दोराला लटकलेली बादली मात्र थांबली नाही. ती अंगणातल्या विटेवरून पुढे गेली, परत आली आणि शेजारच्या बाजेवर बसलेल्या जानरावांच्या पायांवर तिनं पाणी सांडलं. सासऱ्यांनी पाय वर घेतले, पण उशिरा.

“माही आंघोय झाली आता,” ते वर न बघता म्हणाले.

अकोल्याचं ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. तिचा नवरा नागसेन आतल्या खोलीत खिडकीचा पडदा ओढून बसला होता. दीपमालानं मनगटाला बांधलेल्या फोनचा कॅमेरा खाली रोखलेला होता आणि त्यातलं दृश्य त्याच्या फोनवर दिसत होतं. ती दोर घेऊन त्याच्या सांगण्यानुसार कठड्यालगत चालायची. बादली विटेवर न झुलता टेकवायची, एवढंच काम होतं.

लग्नाआधीपासून नागसेन मुंबईजवळच्या बंदरात धक्क्यावरची क्रेन चालवत होता. दीपमाला इथल्या शाळेत विज्ञान शिकवायची म्हणून घर अकोल्यात राहिलं आणि तो सुटीपुरता येत राहिला. क्रेनची केबिन उंचावर, उचललेल्या कंटेनरच्या डब्यासोबत मागेपुढे धावणारी. तिची जमीन काचेची. गुडघ्यांमधून खाली बघत त्यानं जहाजांवरून हजारो कंटेनर उचलले होते. तो सुरुवातीला गेला तेव्हा जहाजाच्या रुंदीत डब्यांच्या बारा-तेरा रांगा असायच्या. आता वीसच्या वर असतात. तिथवर पोचायला नव्या क्रेन आल्या, जास्त उंच, जास्त वेगवान. त्यांच्यात माणूस बसत नाही. तो दूर एका इमारतीतल्या खोलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसतो.

त्या खोलीची परीक्षा नागसेन दोनदा नापास झाला होता. सोमवारी शेवटची होती. जुन्या क्रेन दिवाळीपर्यंत मोडीत निघणार होत्या. सोमवारीही जमलं नाही, तर जहाजावर चढून डबे सळयांनी बांधणाऱ्या टोळीत जावं लागणार होतं. वय शेहेचाळीस.

चूक एकच होती. क्रेन थांबली तरी डबा झोक्यानं पुढे जातो. त्या क्षणी क्रेनही जराशी पुढे न्यायची, डब्याच्या बरोबर डोक्यावर. मग झोका मरतो. केबिनमध्ये तो क्षण नागसेनला कधी शोधावा लागला नाही. डब्याची ओढ खुर्चीत जाणवायची आणि हात आपोआप पुढे जायचा. पडद्यासमोर तो त्या ओढीची वाट बघत राहायचा. ती यायची नाही.

दीपमालानं त्याला लोलक समजावला होता. दोराची लांबी कळली की झोक्याचा वेळ कळतो, तेव्हा मनात आकडे मोज. त्यानं मोजले. मोजणं बरोबर आलं, हात उशिरा आला.

जानराव पूर्वी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. कालच ते तिला म्हणाले होते, “गाठ पाठीवर आली का पाठच सांगे पाय कुठी ठेवाचा. डोयानं पाहून ठेवला का माणूस पडलाच समज. याचं तसंच होऊन राह्यलं.”

“दोन मिनिटं थांब,” फोनवर नागसेन म्हणाला. मग: “हां, घे.”

या वेळी तो “पुढं” म्हणाला ते अगदी वेळेवर. बादली विटेवर येऊन उभी राहिली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. जानरावांनी वर घेतलेले पाय कोरडे राहिले.

दीपमाला भराभर जिना उतरून खोलीत गेली. नागसेन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, नजर अजून फोनवर. खुर्ची डुगडुगत होती. तिच्या एका पायाखाली फडक्याची घडी सरकवलेली होती. पडद्यावर दोर हलत होता, तसा तोही हलत होता.

कूलरचा आवाज चालू होता.

“परीक्षेच्या खोलीतली खुर्ची कशी हाय?” तिनं विचारलं.

“बोल्टनं फिट केली हाय.” त्यानं नजर फोनवरून काढली. “एक डाव तरी जमते का, ते पाहून राहिलो होतो.”

नागसेन उठला. घडी काढून त्यानं खिडकीत ठेवली. हातानं दाबून बघितलं. खुर्ची हलली नाही. मग तो परत बसला, पाय जमिनीला टेकवले.

“जाय वर,” तो म्हणाला.

ती गच्चीवर आली. ऊन आता विटेपर्यंत पोचलं होतं. खिडकीलगतच्या बाजेवर जानराव आता पाय खाली सोडून बसले होते. आतलं सगळं त्यांना ऐकू गेलं असणार.

“आबा, पाय वर घ्या,” दोर सोडताना दीपमाला म्हणाली.

त्यांनी घेतले नाहीत.