दोन आकडे मागे

पट्टा टेबलावर ठेवून मुलगी म्हणाली, "काका, हा परत आणलाय. भांडायला नाही आले मी. नुसतं विचारायला आलेय."

दाजींनी ‘काय?’ म्हटलं नाही. हल्ली ते ‘काय?’ म्हणतच नसत. जरा पुढे झुकून समोरच्याच्या तोंडाकडे बघत, की समोरचा आपोआप तेच पुन्हा, मोठ्याने बोले. मला आपला तो त्यांचा जिव्हाळा वाटायचा. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, तसे दाजी मऊ झाले असं मी ताईला सांगितलंही होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझी नोकरी संपल्यापासून मी रोज सकाळी दहाला त्यांच्याकडे जाऊन बसतो, पेपर वाचतो, ताईच्या हातचा चहा पितो आणि पार्सलं बांधतो. गल्लीत दाजींना पट्टेवाले म्हणतात. नव्या पोस्टमनला वाटलं, हे कुठल्यातरी कचेरीतले निवृत्त शिपाई. ‘कुठल्या खात्यात होतात?’ असं त्याने विचारलं तेव्हा दाजींनी ‘जंगल खात्यात’ म्हणून वेळ मारून नेली. खरा धंदा समजावून सांगायचा म्हणजे अर्धा तास जातो.

रानातल्या जनावरांवर अभ्यास करणारे लोक जनावराच्या गळ्यात पट्टा बांधतात. त्यात बोटाएवढा ट्रान्समीटर असतो आणि तो रात्रंदिवस टिक टिक करत राहतो. माणसाने टेकडीवर उभं राहून हातात अँटेना धरायची, रिसीव्हरवर त्या पट्ट्याचा नंबर लावायचा आणि टिक टिक कुठून येतेय ते ऐकायचं. जनावर चालतं-फिरतं असलं की टिक टिक सावकाश. बराच वेळ हललंच नाही तर दुप्पट वेगाने, म्हणजे जनावर मेलं असं समजायचं. मोठ्या संस्था हे सामान नवंकोरं घेतात, अभ्यास संपला की कपाटात कोंबतात आणि विसरतात. दाजी ते सामान विकत आणायचे, दुरुस्त करायचे आणि ज्यांना नवं परवडत नाही अशांना विकायचे. म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांना. पट्टे यायचे ते केसांसकट, दातांच्या खुणांसकट. जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात ते एकेक पट्टा असा घासायचे की ताई म्हणायची, "पोरांना कधी इतकं न्हाऊमाखू घातलं नाहीत."

मग बॅटरी बदलायची, पट्टा वाजवून बघायचा, कुठल्या नंबरावर वाजतो ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची आणि चिठ्ठी दोऱ्याने पट्ट्याला बांधायची. त्या चिठ्ठीवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवत. मोठमोठ्या प्रोफेसरांना मी फोनवर ‘काकांनी तपासलाय ना, मग झालं’ म्हणताना ऐकलं आहे. दाजी शाळेपलीकडे शिकलेले नव्हते. त्यांची सगळी अब्रू त्या दोन बोटं रुंदीच्या कागदावर होती, आणि ते त्यांना पुरत होतं.

मुलगी पंचविशीची असेल. उन्हाने चेहरा रापलेला, नखं कापून टाकलेली. मागच्या हंगामात तिने हा पट्टा नेला होता, एका कोल्हिणीसाठी. पट्टा बांधला तेव्हा पहिले चार दिवस कोल्हीण जवळपासच होती, आवाज येत होता. मग आवाज बंद झाला.

"सात आठवडे मी रोज टेकडीवर चढत होते," ती म्हणाली. आता ती दाजींसाठी मोठ्याने बोलत होती. "चिठ्ठीवरचाच नंबर लावत होते. काहीच नाही. शेवटी मी लिहून टाकलं की ती हा भाग सोडून गेली. मग आमच्या सरांनी त्यांचं नवं मशीन पाठवलं. ते मागचे-पुढचे नंबर आपोआप शोधत जातं. पहिल्या दहा मिनिटांत सापडला. दोन आकडे पुढे."

"सावकाश वाजत होता?" दाजींनी विचारलं.

"नाही."

टेकडीपासून तीन किलोमीटरवर, रस्त्याखालच्या मोरीत ती पडलेली होती. पायात तारेचा फास. जनावरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की तिला मरून फार दिवस झालेले नाहीत आणि फासात अडकल्यावर ती पाच-सहा दिवस तरी जिवंत असणार. नंबर बरोबर असता तर एक जनावर सारखं एकाच जागेवरून वाजतंय हे मुलीला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

हे सांगून झाल्यावर तिने स्वतःच दाजींना वाट काढून दिली. "सर म्हणाले, जुना माल आहे, थंडीने नंबर सरकतो कधी कधी. कोणाचाच दोष नाही. फक्त मला कळून घ्यायचं होतं, असं होतं का."

"होतं," मी म्हणालो. मला काय कळतं त्यातलं? पण बिचारीचं समाधान व्हावं, विषय मिटावा, असं वाटलं.

पट्ट्यावर एक लोहचुंबक चिकटपट्टीने लावलेलं असतं, त्याने तो गप्प राहतो. ते दाजींनी काढलं, रिसीव्हर जवळ ओढला आणि चिठ्ठीवरचा नंबर लावला. टिक, टिक, टिक. जाडसर, गोल आवाज. बराच वेळ पिशवीतून हलत आला होता म्हणून पट्टा पुन्हा सावकाश वाजत होता, जिवंत जनावराचा वाजतो तसा. मुलीने मान वळवून खिडकीकडे बघितलं.

"हा तर वाजतोय की," दाजी म्हणाले.

"इतक्या जवळून वाजणारच ना, काका. मीही बांधायच्या आधी असाच बघितला होता. आता दोन आकडे पुढे घ्या."

दाजींनी बटण दोन आकडे पुढे फिरवलं. आवाज एकदम बारीक आणि धारदार झाला. भिंतीवर सुई टोचावी तसा खोलीभर टोचायला लागला. लांबून ऐकू येतो तो हाच, जाडसर आवाज फक्त जवळून.

दाजी थांबले. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. ताई स्वयंपाकघरातून डोकावली. दाजींनी पट्टा उचलून हलवला, त्याचा जोड नखाने दाबून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "गेला. आत्ताच बंद पडला बघ. जोड सुटला असेल."

टिक, टिक, टिक. सगळ्या घरात तेवढा एकच आवाज होता.

"काका," मुलगी अगदी हळू म्हणाली, "वाजतोय ना."

हे वाक्य त्यांना ऐकू आलं नाही. पण तिचं तोंड त्यांना दिसलं, मग माझं दिसलं. मी पेपरात डोकं खुपसायला नको होतं, पण खुपसलं.

मला त्या क्षणी मागची दोन वर्षं आठवली. दाजी तपासायला बसले की अधूनमधून विचारायचे, "वाजतंय ना रे?" आणि मी पेपरावरची नजर न काढता म्हणायचो, "हो, वाजतंय." टोचणारा आवाज असो की बोदा, मी आपला ‘वाजतंय’. मला वाटायचं, ते सहज विचारतात. बोलायला काहीतरी म्हणून. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता; ऐकू येईल असा जाड आवाज लागेपर्यंत ते बटण मागे मागे नेत होते आणि तिथे जो आकडा येईल तो इमानाने चिठ्ठीवर लिहीत होते. मी शेजारी बसून चहा पीत होतो.

दाजी उठले. फळीवर विक्रीसाठी ठेवलेले अकरा पट्टे होते. ते सगळे त्यांनी टेबलावर आणले आणि रिसीव्हर मुलीपुढे सरकवला.

"तू लाव नंबर. मी नाही."

"काका, राहू द्या ना. खरंच थंडीने—"

"लाव."

तिने एकेक पट्टा वाजवला. पहिला चिठ्ठीपेक्षा दोन पुढे. दुसरा दोन. तिसरा एक. चौथा पुन्हा दोन. तळाशी जुने, तीन वर्षांपूर्वीचे दोन पट्टे होते, ते अचूक निघाले. बाकीचे सगळे पुढे. ती आकडा बोटांनी दाखवायची, मी लिहायचो.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, ती पोर स्वतः म्हणतेय थंडीने झालं म्हणून. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेताय?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. "थंडीने सरकले असते तर काही इकडे गेले असते, काही तिकडे. हे सगळे एकाच बाजूला गेलेत." मग म्हणाले, "पट्टे नाही सरकलेले. मी सरकलोय."

ताईला रडू आलं. तिला ते आधीपासून माहीत होतं. शेजारघरात जाईल एवढ्या आवाजात बातम्या लावणाऱ्या माणसाबरोबर ती राहत होती, तिला माहीत नसणार तर कोणाला? नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून ती गप्प, मला वाटलं मऊ झालेत म्हणून मी गप्प. आमच्या दोघांच्या शहाणपणात त्या मोरीतलं जनावर मेलं. मी हे उगाच मोठं करून सांगत नाही, मला तसंच वाटलं.

"वही आण," दाजी मला म्हणाले. "दोन वर्षांत कोणाकोणाला पट्टे दिले बघ, आणि फोन लाव. सगळ्यांना."

"काय सांगू?"

"काकांचे कान गेले, म्हणून सांग. नंबर एक-दोन आकडे पुढे बघा म्हणावं."

"असं नको सांगायला. जरा दुसऱ्या शब्दांत—"

"मग काय सांगशील? थंडी पडली?"

मी फोन लावत बसलो. दाजी समोर बसले, माझ्या तोंडाकडे बघत. वहीत सतरा नावं निघाली. दोघांनी उचलला नाही. एकाने घोरपडीला पट्टा बांधला होता. तो हसत म्हणाला, "आमची घोरपड हाकेच्या अंतरावर झोपलेली असते हो, काकांना म्हणावं काळजी करू नका." हे मी दाजींना सांगितलं, तर त्यांनी हाताने ‘पुढचा’ अशी खूण केली. एका प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता आम्ही तपासून कोणाकडून घ्यायचे?" ते मी दाजींना सांगितलंच नाही.

शेवटचा फोन एका बाईंना. त्यांनी दोन पट्टे नेले होते, हरणांसाठी.

"दोन आकडे?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. "आमची दोन्ही हरणं गेल्या वर्षी हरवली. आम्ही ते काम बंद केलं." आणि मग, अगदी नीट, रीतीप्रमाणे, "कळवल्याबद्दल आभारी आहे हं."

मी फोन खाली ठेवला. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते दाजींनी वाचलं असावं. त्यांनी कात्री घेतली आणि टेबलावरच्या पट्ट्यांच्या चिठ्ठ्या दोऱ्यासकट कापायला सुरुवात केली. स्वतःच्या सहीचे ते कागद त्यांनी चुरगळले नाहीत, एकावर एक रचून ठेवले. त्यांच्या हातांना काहीच झालेलं नव्हतं, पुढची दहा वर्षं ते तसेच बारीक काम करू शकले असते.

मुलगी अजून बसलीच होती. तिला परतीच्या गाडीला उशीर होत होता, दोनदा तिने घड्याळ बघितलं, पण उठली नाही. ताईने तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं होतं त्यातलं अर्धं तसंच होतं. एकेक पट्टा पुन्हा वाजवून ती नव्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून देत होती. सही कोणाची करायची ते तिने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्या जागा कोऱ्याच राहिल्या.

कात्री खाली ठेवून दाजी म्हणाले, "एक विचारू का गं?"

तिने मान हलवली.

"त्या कोल्हिणीला पिल्लं होती?"

मुलीने खाली बघितलं. ती आता पुन्हा तिच्या नेहमीच्या, हळू आवाजात बोलली, दाजींचं भान न ठेवता. "होती. चार. बिळात सापडली. आम्हाला उशीर झाला."

तिचं तोंड खाली होतं, दाजींना दिसलं नाही. ते माझ्याकडे वळले. पुढे झुकले आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"नव्हती म्हणतेय," मी मोठ्याने म्हणालो.

मुलीने चटकन वर बघितलं. ताई दारातच थांबली.

दाजी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही, म्हणून.

"तेवढं तरी बरं झालं," दाजी म्हणाले.

नवी चिठ्ठी लिहायचे अजून दोन पट्टे टेबलावर उरले होते. मुलीने त्यातला एक जवळ ओढला, त्याचं लोहचुंबक काढलं आणि नंबर लावायला लागली.