दाटीच्या टाकीतली सॅल्मन

मी एक वयाने मोठी झालेली सॅल्मन मासळी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला फक्त दुकानातल्या बर्फावर, गुलाबी तुकड्यांच्या रूपात पाहिले असेल. मी मात्र अजून पोहते आहे. जर्मनीत ड्रेस्डेन शहराच्या पूर्वेला, पाइनच्या झाडांमध्ये एक मत्स्यशेती आहे. तिथल्या मोठ्या छपराखाली माझी टाकी आहे.

मी नदी कधी पाहिली नाही. माझा जन्म थंड पाण्याच्या एका उथळ ट्रेमध्ये झाला. तेव्हा पोटाखाली पिवळी पिशवी लोंबत होती आणि तीच माझी शिदोरी होती. ती संपल्यावर आम्हाला गोल टाकीत सोडले. मालक नोआक खाद्य टाकण्याआधी बादलीच्या कडेवर हलकेच टकटक करत. ती ऐकली की आम्ही सगळी भावंडे वर झेपावत असू. त्यांच्या वडिलांनी तळ्यात कार्प मासे पाळले होते. सॅल्मन मात्र नोआकांनी स्वतः नव्याने सुरू केले होते. माणूस चांगला, पण बोलणे मोजके.

मग मैथिलीताई आल्या. त्या रत्नागिरीच्या. मत्स्यशास्त्र शिकलेल्या. त्यांचे पती मयुरेश ड्रेस्डेनला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत कामाला होते. ताईंना मात्र इथे बरीच वर्षे मनासारखे काम मिळाले नव्हते. आधी भाषा शिका, मग पदवीची मान्यता मिळवा, असे चालले होते. शेवटी नोआकांनी त्यांना घेतले, तेही प्रोबेत्साइटवर. म्हणजे सुरुवातीचे काही महिने काम पाहायचे आणि मग ठेवायचे की नाही ते ठरवायचे.

नोआकांशी त्या जर्मनमध्ये बोलत. टाकी घासताना मात्र आमच्याशी मराठीत गप्पा मारत. दिवसभर जर्मन बोलून जीभ दमते, असे त्या म्हणत. मित्रांनो, माझे मराठी हे असे त्यांच्याकडून आले आहे.

एकदा शेजारच्या टाकीचा तळ उखडला. दुरुस्ती होईपर्यंत नोआकांनी तिथले मासे आमच्या टाकीत आणून सोडले. ताईंनी दाटी होईल असे सुचवून पाहिले, पण थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. थोडे दिवस लांबत गेले. वळायलाही जागा उरली नाही. उरलेले खाद्य तळाशी कुजू लागले आणि पाणी जड झाले.

तुम्ही नाकाने श्वास घेता. आम्ही तोंडाने पाणी घेतो आणि ते कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या लाल, नाजूक पाकळ्या त्यातला प्राणवायू टिपतात. माझ्या पाकळ्या आता सुजल्या होत्या. त्यांच्यावर चिकट थर बसला होता. पाणी आत येई, पण धाप काही थांबत नसे. आम्ही सगळे नव्या पाण्याच्या नळापाशी गर्दी करून, तोंड उघडे टाकून तरंगत राहिलो. बादली वाजली तरी कोणी हलले नाही. पहिल्यांदा माझ्या शेजारचा भाऊ उलटा झाला. मग रोज सकाळी जाळीने मेलेली भावंडे काढावी लागली.

ताईंनी एका मेलेल्या माशाच्या कल्ल्यावरचा थर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोऱ्यासारखे लांबट जिवाणू पाकळ्यांना लगडले होते. नोआकांनीही पाहिले. मग म्हणाले की रोग बाकीच्या टाक्यांत गेला तर सगळेच जाईल, त्यापेक्षा ही टाकी आजच संपवावी. मित्रांनो, संपवावी म्हणजे काय, ते मला कळले.

खाद्यातून औषध देऊन उपयोग नाही, मासे खातच नाहीत, असे ताईंनी त्यांना समजावले. जिवाणू बाहेरून चिकटले आहेत. मिठाच्या पाण्याने ते धुऊन निघतील, पण त्यानंतर मोकळी, स्वच्छ टाकी हवी. शेजारची टाकी दुरुस्त होऊन नुकतीच तयार झाली होती. मात्र तिच्यात सोडायला नव्या पिल्लांचा ट्रक यायचा होता.

"आणि मिठाच्या पाण्यातच मेले तर?" नोआकांनी विचारले.

"काही मरतील," ताई म्हणाल्या. "काहीच केलं नाही तर सगळे मरतील."

नोआक बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. "ट्रक येणार नाही. टाकी तुमची."

शनिवारी मयुरेशदादाही सुट्टी म्हणून मिठाची पोती उचलायला आले. हे फसले तर ताईंची नोकरी जाणार, हे तिघांनाही ठाऊक होते.

पाण्यात मीठ पडले आणि कल्ले आगीसारखे झोंबले. मी धडपडले आणि मग अंगात त्राण उरले नाही. मी आडवी झाले. आणखी काही मासे आडवे होऊ लागले.

"गेली ही," दादा म्हणाले.

"नाही, कल्ले हलतायत. बास झालं मीठ, पाणी सोडा."

ठरलेली वेळ अजून झाली नव्हती, तरी त्या थांबल्या. त्यांनी मला दोन्ही हातांत धरून स्वच्छ पाण्याच्या धारेसमोर तोंड करून ठेवले. हात गारठून लाल झाले होते. "घे गं, श्वास घे," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी श्वास घेतला. मग शेपूट हलवली आणि त्यांच्या हातांतून सुटले.

पुढच्या सकाळी काही भावंडे गेलीच. त्यानंतर कमी. नंतर एक सकाळ अशी आली की जाळी कोरडीच राहिली. निम्मे मासे घासून धुतलेल्या जुन्या टाकीत, निम्मे नव्या टाकीत, अशी आमची वाटणी झाली होती आणि वळायला जागा होती. एके दिवशी बादली वाजली आणि मी वर झेपावले.

नोआक कठड्याला टेकून पाहत होते. "दोन्ही टाक्या एकत्र करायला नको होत्या," ते म्हणाले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे ताई म्हणाल्या, आणि दोघेही हसले. मुदत संपायच्या आधीच त्यांनी ताईंना कायम केले. तेव्हापासून इथे एक टाकी नेहमी रिकामी ठेवतात.

मला त्यांनी विकले नाही, अंड्यांसाठी ठेवले. मित्रांनो, मासा ओरडत नाही. त्याला दम लागला तर तो फक्त पाण्याच्या धारेपाशी जाऊन उभा राहतो. घरी काचेच्या पेटीत दोनच मासे पाळा किंवा छपराखाली हजारो पाळा, त्यांच्यापुढे रोज थोडे थांबा. ते कुठे उभे आहेत, कसे श्वास घेत आहेत, ते पाहा. आणि जागा आहे म्हणून आणखी मासे भरू नका.

यंदा माझ्या अंड्यांतून पिल्ले निघाली. काल त्यांना गोल टाकीत सोडले. सोडताना नोआक मध्येच थांबले आणि त्यांनी ताईंना विचारले, इतकी पुरेत का?

ताईंनी पाण्याकडे पाहिले. "थोडी अजून कमी करू या."

नोआकांनी जाळी घेतली आणि काही पिल्ले अलगद उचलून दुसऱ्या टाकीत नेली.