राजाचं पान

अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी नत्थूजी नालवाडीमागच्या आपल्या वांग्याच्या शेतात घट मांडायचे. कडेनं गोलात धान्यं, मधोमध विड्याचं पान. पान म्हणजे राजा. सकाळी ते जागेवर दिसलं की गादी शाबूत. पालथं पडलं की राज्यात रक्तपात. भाकितं कधी जुळायची, कधी सपशेल आपटायची. तरी पेपरवाले यायचे आणि नत्थूजी जरा फुगायचेही.

गेल्या साली त्यांचा भाडेकरू इद्रीस समोर येऊन बसला. पोरगा सुदानचा, सावंगीला फार्मसी शिकणारा. मराठी मात्र नत्थूजींच्याच ओसरीवर शिकलेला. तिकडे दोन सेनापती एकमेकांच्या उरावर बसलेले आणि इद्रीसची आई सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत. तिच्या स्वप्नात त्यांच्या मुलखाचा जुना, कधीच वारलेला सुलतान आला होता. म्हणाला, लढाई संपली, घराचं दार उघड.

"बाबा, हे सपन खरं हाय का? माय घरी जातो म्हणते. तुमचं पान सांगन तेच तिले सांगतो."

"मांडतो ना बेटा, तुह्या राजासाठी."

सकाळी नत्थूजी पुढे गेले. पान पालथं पडलं होतं. मागून इद्रीस येत होता, अनवाणी, डोळे सुजलेले. म्हाताऱ्याचा जीव कळवळला. मांडल्यावर ज्या पानाला जन्मात हात लावला नव्हता, ते त्यांनी चटकन सरळ केलं.

"राजा खुशाल हाय. घरी जाजो म्हण मायले."

आई छावणीतून घरी परतली. पंधरवडाही झाला नाही तोच घरावर बॉम्ब पडला आणि त्यात ती गेली. इद्रीसनं नत्थूजींना एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाला, "खूश होती, बाबा. आपल्या चुलीवर चहा केला म्हणे." त्या बोलण्यानं नत्थूजी पार मोडले. वर्षभर त्यांच्या तोंडात घास फिरत राहिला.

यंदा घट मांडायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण इद्रीस पुन्हा आला. छावणीत आता त्याची धाकटी बहीण एकटी उरली होती. सुलतान तिच्याही स्वप्नात येऊ लागला होता, आणि ती आईच्या कबरीकडे निघाली होती.

"माह्यं ऐकत नाई, बाबा. पानाचं ऐकन."

नत्थूजींनी घट मांडला. सकाळी पाहतात तर पान जागच्या जागी, जरासुद्धा हललेलं नाही. तिकडे खरंच सगळं निवलं असेल का? कोणाला ठाऊक. बांधावर पावलं वाजली. नत्थूजींनी पान उचललं आणि पालथं घातलं.

"राजा पडला, बेटा," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "बहिणीले म्हण, जिथं हायस तिथंच राह्य."