अर्ध्या उजेडाची काच

दिवाळीच्या अमावास्येला सूर्यग्रहण आलं, आणि नेमकं आदल्या संध्याकाळी मृणालिनीनं प्रिझम घरी आणला. सुटीत विद्यापीठातल्या विभागाला कुलूप लागणार होतं.

दोन तिकोनी काचा. एकीच्या तिरक्या अंगावर अकरा थर चढवलेले. सगळे मिळून केसाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकेही जाड नव्हेत. येणारा उजेड अर्धा आरपार, अर्धा काटकोनात वळलेला, असा हिशोब जुळवायला तिला आठ महिने लागले होते. आता दुसरी काच त्यावर डिंकानं चिकटवली की झालं. गुरुवारी दिल्लीची समिती तपासणार. पास झाला तर कच्ची नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेर घरी. दुसरा करावा तर थर चढवणाऱ्या यंत्राचा पंप दुरुस्तीला गेलेला.

“या थरांत क्रायोलाइट नावाचा क्षार आहे, पाण्याशी त्याचं हाडवैर,” विभागातल्या देवदत्त सरांनी बजावलं होतं. “आजच चिकटव.”

तिनं डिंकाची बाटली उघडली, तोच आई दारात आली.

“वेध लागलेत, मृणाल. वेधात जोडलेलं टिकत नाही.”

“आई, काच आहे ही, सोयरीक नाही.”

“सोयरीकही अशीच हसण्यावारी नेलीस. एवढं ऐक गं. तुझ्या नौकरीसाठीच तर आत्तापासून निर्जळ बसलेय मी.”

मृणालिनीनं बाटलीला बूच लावलं. एका रात्रीनं काय होतंय?

सकाळी ग्रहण सुटलं. ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा आई गंगेवरच्या राजा घाटावरून ओलेत्यानं परतली होती. तांब्यातलं गंगाजल तुळशीच्या पानानं घरभर शिंपडत होती. देवांवर, पिठाच्या डब्यांवर. टेबलावरची काचांची पेटी उघडी होती.

“बंद पेटीत सुतक राहतं बाई,” आई म्हणाली. “म्हणून चार थेंब.”

काचेच्या निळसर सोनेरी झाकेवर चार डाग पडले होते, कडेनं सुरकुतलेले.

“डाग पडले होय? थांब.”

मृणालिनीचा हात पोचायच्या आत आईनं ओल्या पदरानं काच पुसली. देवाचा टाक पुसावा तशी, हलक्या हातानं, दोनदा. अकराही थर पदरात आले.

“बघ, कशी लख्ख झाली! आता चिकटव. आता टिकेल.”

आईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मृणालिनीनं दुसरी काच उचलली, डिंकाचे दोन थेंब सोडले आणि ती कोऱ्या काचेवर दाबून धरली.

“टिकेल ना गं?”

“टिकेल,” ती म्हणाली. “तू पाणी पी आता.”