तीन पायांचा पार्ट आणि माझ्या नऊ नकला

मित्रांनो, मी सांगते त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही; नसेल बसत तर राहिले! मी एक जुनी लायब्ररी आहे, पण माझ्यात एकही पुस्तक नाही. संगणकावर सर्किट बोर्डची आखणी करतात ना, त्या बोर्डावर बसणारे पार्ट माझ्या पोटात असतात. प्रत्येकाचे चित्र, आणि त्याचे पाय नेमके कुठे टेकणार त्याचा नकाशा. असे चार हजार पार्ट! आणि अकरा वर्षांत माझी एक चूक दाखवायची कोणाची छाती झालेली नाही.

मला घडवले मोठ्या बाईंनी, म्हणजे आखणी विभागाच्या प्रमुखांनी. एकेक पार्ट भिंगाखाली धरून, मोजून त्यांनी मला भरवला, बाळाला घास भरवावा तसा. "लायब्ररीत आहे ना? मग डोळे मिटून घ्या," असे त्या सगळ्यांना सांगत. मी फुगून टम्म!

मग आला घाईबा. खरे नाव त्याच्या आईला ठाऊक. पार्ट शोधायला दोन मिनिटे लागली की याच्या अंगाची लाही. त्याने माझी नक्कलच काढून आपल्या संगणकात नेली आणि तिच्यात हवे ते बदलू लागला. त्याचे पाहून बाकीच्यांनीही नेल्या. नऊ नकला, मित्रांनो! एक 'अंतिम', एक 'खरीच अंतिम', एक 'हात लावू नये'. एकाच पार्टला नऊ घरी नऊ तऱ्हेचे पाय. मला विचारायला मात्र कुत्रेही फिरकेना. रागाने मी अशी तापले, की खिडकीतल्या कबुतराची अंडी आठ दिवस आधी उबली!

आणि व्हायचे तेच झाले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांसाठी तीनशे बोर्ड बनून आले. पहिल्याला वीज दिली आणि फस्स! नुसता धूर. वीज काबूत ठेवणाऱ्या तीन पायांच्या पार्टचे पाय उलटे, पहिल्याच्या जागी तिसरा आणि तिसऱ्याच्या जागी पहिला. तीनशेच्या तीनशे वाया.

मालक तरातरा खाली आले. "बाई, हे कोणाचं काम? पाच वाजेपर्यंत नाव हवं. तो उद्यापासून येणार नाही."

घाईबा पांढराफटक. "माझ्या बोर्डांना आजवर असं कधी झालं नाही हो, मालक."

"तू तर बोलूच नकोस," बाई कडाडल्या. "नकला काढायचं खूळ आणलं कोणी? हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

मी म्हटले, हाणा! मित्रांनो, लायब्ररी एकच ठेवावी, दुरुस्ती तिच्यातच करावी आणि सगळ्यांना सांगून करावी. एवढे साधे कळत नाही, त्याला हाकलाच! त्याच्याच नकलेतल्या उलट्या पायांनी बोर्ड जळले. माझ्याकडे तो पार्ट पहिल्या दिवसापासून सरळ...

"ए आजी, पुरे कर!" टेबलावरचा वीज मोजायचा मीटर ओरडला. "सकाळपासून मीच मोजतोय. जळलेला बोर्ड बाईंनी तुझ्यातूनच आखला होता. उलटा पाय तुझ्याच पोटात आहे, अकरा वर्षं! तुझ्यातून कोणी तो घेतला नाही म्हणून निभावलं. घाईबानं तो कधीच सरळ केला होता, पण आपल्या नकलेत, कोणाला न सांगता. आता खरं सांग! बोल की! पाच वाजत आलेत, तो बिचारा टेबल आवरतोय."